पिशवीतली वाफ

१

मुर्तिनीच्या हातची पिशवी कधी मरत नाही, असं शेडमध्ये सगळेच म्हणत. पिशवी मरणं म्हणजे आतलं प्रवाळ मरणं. बालीच्या उत्तर किनाऱ्यावरून निघायचं, ट्रकने डोंगर ओलांडायचा, विमानात बसायचं आणि कुठल्यातरी थंड देशातल्या माणसाच्या दिवाणखान्यात, काचेच्या टाकीत पुन्हा फुलायचं, तर मधल्या अंधाऱ्या प्रवासात त्या प्रवाळाचा जीव टिकला पाहिजे. तो टिकतो की जातो, हे बांधणाऱ्या बाईच्या बोटांवर असतं.

शेड किनाऱ्याला अगदी लागून होती. पत्र्याचं छप्पर, आत पाण्याच्या लांब टाक्या, मधोमध स्टीलचं टेबल आणि टेबलाच्या डोक्याशी ऑक्सिजनचा उंच सिलिंडर. रोज सकाळी कोमांग त्या सिलिंडरच्या पायाशी फुलांचा छोटा द्रोण ठेवायची. उदबत्ती मात्र दाराबाहेर. "देवाला खुशाल नमस्कार कर," मॅनेजरीण बू एन्दांग तिला म्हणाली होती, "पण आम्हाला सगळ्यांना एकदम त्याच्याकडे पाठवू नकोस."

बांधणीचं काम दिसायला सोपं. समुद्रातून आणलेली कलमं आधी टाकीत ठेवून त्यांचं पोट रिकामं होऊ द्यायचं. मग सिमेंटच्या चकतीवर वाढलेलं एकेक कलम उचलून थर्माकोलच्या पट्टीला रबराने बांधायचं आणि पाणी भरलेल्या पिशवीत उलटं सोडायचं. पट्टी तरंगते, प्रवाळ डोकं खाली करून पाण्यात लोंबतं, त्याची नाजूक तोंडं कशालाच घासत नाहीत. मग पिशवीतली साधी हवा दाबून बाहेर काढायची, नळी घालून ऑक्सिजन सोडायचा, पिशवी गच्च फुगली की मान पिरगाळून दुमडायची आणि रबर चढवायचं. त्यावर दुसरी पिशवी, मग वर्तमानपत्र, मग थर्माकोलचं खोकं आणि चिकटपट्टी.

एक गोष्ट मात्र कुणी कधी करायची नाही. सिलिंडर संपत आला, हात दुखले, ट्रक दारात येऊन भोंगा वाजवू लागला, तरी पिशवी तोंडाने फुगवायची नाही. माणसाचा उच्छ्वास आत कोंडला की प्रवाळ वाटेतच गुदमरतं. बू एन्दांग नव्या बाईला हे पहिल्याच दिवशी बजावायची.

शेडच्या उघड्या दारातून बोट दिसे. तिच्याखाली, समुद्राच्या तळाशी, लोखंडी मांडवांवर प्रवाळाची कलमं वाढत. तिथे मुर्तिनीचा नवरा नेंगाह बुडी मारून काम करी. पाठीवर टाकी वगैरे काही नाही. बोटीवरचा पेट्रोलचा कॉम्प्रेसर हवा ढकलायचा, ती लांब पिवळ्या नळीतून नेंगाहच्या तोंडात जायची, आणि बोटीवर म्हातारा पाक मुस्तारी नळीवर हात ठेवून बसलेला असायचा. कॉम्प्रेसरची फटफट दिवसभर शेडमध्ये ऐकू यायची. मुर्तिनी ती कानाने ऐकत नसे, पण थांबली की तिचे हात थांबत.

"फटफट चालू म्हणजे नवरा चालू," कोमांग चिडवायची. ती मुर्तिनीच्या शेजारच्याच घरात राहायची, वयाने बरीच लहान, आणि तिला थोरल्या बहिणीसारखं म्बोक म्हणायची. "माझ्या नवऱ्यालाही असं एखादं यंत्र लावून दे ना, म्बोक. कुठे हिंडतो ते तरी कळेल."

२

वाफ पहिल्यांदा दिसली ती अशाच एका बांधणीच्या सकाळी.

बांधून झालेल्या पिशव्या टेबलाच्या टोकाला रांगेने उभ्या होत्या. मुर्तिनी एकेक उचलून, पालथी करून, कुठून थेंब गळतोय का ते बघत होती. सगळ्या काचेसारख्या स्वच्छ. मधल्या एका पिशवीच्या आतल्या बाजूला मात्र, पाण्याच्या वर, वाफेचा गोल ठिपका होता. उघड्या तोंडाएवढा. आरशाजवळ तोंड नेऊन हा केल्यावर उमटतो ना, तस्सा.

तिने बाहेरून फडका फिरवला. वाफ आतून होती.

"पाणी गरम झालं असेल," ती स्वतःशीच म्हणाली. पण सगळ्या पिशव्यांत पाणी एकाच टाकीतलं होतं.

कोमांगने मान लांब करून पाहिलं. "कुणीतरी मुका घेतलाय आतून."

"आतून कोण घेणार?"

"मला काय विचारतेस? बांधलीस तू."

तेवढ्यात बू एन्दांग आली. ती जावाची, बुटकी, ठसठशीत बाई. चालताना तिच्या किल्ल्या वाजत आणि किल्ल्या वाजल्या की शेडमधल्या गप्पा बंद होत. तिने पिशवी उजेडाकडे धरली, रबर काढलं आणि नाक आत घातलं.

"लवंगेची सिगारेट," ती म्हणाली. "कुणी फुंकली ही?"

सगळ्यांनी आपापल्या पिशव्यांकडे पाहिलं.

"मुर्तिनी, पिशवी तुझ्या रांगेतली आहे."

"बू, मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही."

"मग ड्रायव्हर येऊन फुंकून गेला का? हे बघ, तुझं काम मला माहीत आहे म्हणून मी ओरडत नाही. पण परदेशात खोकं उघडल्यावर आत मेलेलं निघालं, तर तो माणूस माझ्या नावाने खडे फोडतो. तुझ्या नाही."

मुर्तिनीचे कान तापले. तिने ती पिशवी पुन्हा बांधली, या वेळी नळी घालताना, मान पिरगाळताना, प्रत्येक वेळी हात वर करून सगळ्यांना दाखवत. कोमांगला हसू आवरेना. पिशवी स्वच्छ राहिली, खोक्यात गेली. पण नाकाशी आलेला तो वास मुर्तिनीच्या डोक्यातून जाईना. किनाऱ्यावरचे सगळेच पुरुष लवंगेची सिगारेट ओढत. नेंगाहसुद्धा.

३

पुढच्या बांधणीला तिने दोन्ही डोळे उघडे ठेवले. कोमांगवर तिचा वहीम होता. पोरगी चेष्टेखोर, करायची काहीतरी. म्हणून मुर्तिनीने तिला त्या दिवशी खोक्यांकडे बसवलं आणि टेबलाशी एकटीच राहिली.

फटफट चालू होती. समुद्र सपाट होता. तिने बऱ्याच पिशव्या बांधल्या. मग एका पिशवीवर रबराचा शेवटचा वेढा चढवला, हात मागे घेतला आणि तिच्या डोळ्यांदेखत आतून ठिपका उमटला.

ती हलली नाही. ठिपका पसरला, थांबला, कडेने विरत गेला, नाहीसा झाला. मग पुन्हा उमटला.

तिने आजूबाजूला पाहिलं. कोमांग पाठमोरी बसून चिकटपट्टी फाडत होती. टाक्यांमधलं पाणी नेहमीसारखं खळखळत होतं. मुर्तिनीने पिशवीला दोन्ही तळवे लावले. खालचा पाण्याचा भाग गार होता. वरचा, नुसत्या ऑक्सिजनचा भाग, कोमट होता. आणि तळव्यांखाली तो हलकासा ताणला जात होता, सैल पडत होता.

आत जीवच आहे, ती मनाशी म्हणाली. प्रवाळ जिवंत असतं, तेही श्वास घेतं, बू एन्दांगच सांगते. पण वितीएवढं कलम. ते पिशवी हलवेल?

मग तिच्या लक्षात आलं की वाफ सारख्या अंतराने येत नाही. आधी एक छोटी येते, लगेच मागून मोठी. छोटी, मोठी. मग थांबते.

नेंगाहला लहानपणी नाकावर वल्हं लागलं होतं. तेव्हापासून त्याचा श्वास अडखळत बाहेर पडे. आधी थोडासा, मग सगळा. लग्नानंतर पहिले काही दिवस तिला त्याने झोप लागत नसे. आता त्याच्याशिवाय लागत नसे.

तिने पिशवी चटकन वर्तमानपत्रात गुंडाळली आणि खोक्यात ठेवून झाकण लावलं. आपण काय केलं, हे तिला घरी जाईपर्यंत उमगलं नाही. तिने न तपासता पाठवलेली ती पहिली पिशवी.

जेवताना ती नेंगाहकडे बघत राहिली. तो भातावर मिरची-कांद्याचं सांबळ घेऊन मासा खात होता. हातातला घास ठेवून त्याने कपाळ चोळलं.

"काय झालं, ब्ली?" नवऱ्याला ती तिथल्या रीतीने ब्ली म्हणे.

"डोकं धरलंय. ऊन लागतं बोटीवर."

"ऊन बोटीवर लागतं. तू तर पाण्याखाली असतोस."

"मग पाणी लागलं असेल." तो हसला. "तू आज अशी का बघतेयस? मला नवीन कान उगवलेत का?"

"सिगारेट सोड," ती म्हणाली.

"हं. आणि मग काय, उदबत्त्या ओढू?"

तिने विषय सोडला. सांगायचं तरी काय? पिशवीत तुझा श्वास सापडला? तो गावभर सांगत सुटला असता.

परदेशातून त्या खेपेचा निरोप आला तेव्हा बू एन्दांग खूश होती. सगळं जिवंत पोचलं होतं. गिऱ्हाइकाने फक्त एक गोष्ट विचारली होती. एका पिशवीला सिगारेटचा वास येत होता, तुमच्याकडे बांधताना कुणी ओढतं का?

बू एन्दांगने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मुर्तिनीने मान खाली घातली आणि रबरं मोजल्यासारखं केलं.

४

त्यानंतरची मोठी खेप गालुंगानच्या सणाच्या तोंडावर आली. सुट्ट्या लागण्याआधी माल जायला हवा होता, म्हणून शेडमध्ये सगळ्यांची धांदल उडाली होती. सकाळपासून वारा नव्हता. दुपार होता होता तो सुटला, पण समुद्रावरून नाही, डोंगराकडून. दारावरचा पडदा आत फुगायचा तो बाहेर ओढला गेला.

ट्रक येऊन उभा होता. ड्रायव्हर खोकी चढवत होता. बू एन्दांगच्या किल्ल्या इकडून तिकडे वाजत होत्या. बाहेर फटफट चालू होती, नेहमीसारखी, एका लयीत, कुठेही न अडखळता.

मुर्तिनीने एक मोठी पिशवी बांधली. आतलं प्रवाळ सुंदर होतं, हिरव्या बोटांचं, टोकं जांभळी. खास मागणीचं. तिने रबर चढवलं आणि वाफ आली.

छोटी, मोठी.

आज ठिपका नव्हता. आज पिशवीचा सगळा वरचा भाग एकदम पांढुरका झाला. पाण्यातलं प्रवाळ दिसेनासं झालं. मुर्तिनीने पिशवी टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरली.

वाफ ओसरली. ती पुन्हा यायला हवी होती. आली, पण उशिरा. आणि आधीपेक्षा लहान.

"म्बोक, ती दे ना इकडे," कोमांग म्हणाली. "एवढी एकच राहिलीय."

"थांब."

"काय थांब? ट्रक निघतोय."

पुन्हा वाफ. आता फक्त छोटी. तिच्यामागून मोठी येईल म्हणून मुर्तिनी बघत राहिली. मोठी आली नाही. तिने दाराकडे पाहिलं. बोट होती. बोटीवर पाक मुस्तारीची टोपी दिसत होती. फटफट चालू होती. सगळं ठीक होतं. फटफट चालू म्हणजे नवरा चालू. पिशवीत वाफ धरते ती पाणी गरम असलं तर धरते, ऑक्सिजन ओला असला तर धरते, आपले डोळे थकले असले तरी धरल्यासारखी वाटते. तिने हे सगळं एका दमात स्वतःला सांगितलं.

पिशवीचं प्लास्टिक आत ओढलं गेलं. कुणीतरी आतून घोट घ्यावा तसं. ते प्रवाळाला जाऊन चिकटलं आणि तिथेच राहिलं.

"बू!" कोमांग ओरडली. "बू, ही पिशवी बघा, ही..."

बू एन्दांग धावत आली. "गळतेय का? मग दुसरी चढव ना वरून! बघत काय बसलात?"

मुर्तिनीच्या हातात कात्री होती. ती कधी उचलली ते तिला आठवत नव्हतं.

"मुर्तिनी, ते कापू नकोस. त्या पिशवीसाठी माणूस किती दिवस थांबलाय. मुर्तिनी!"

तिने कापलं. मानेवरचं रबर फट्कन तुटलं, पिशवी उघडली, पाणी टेबलावर सांडलं. आणि आतून वास आला. लवंगेचा नाही. जळक्या पेट्रोलचा, नाकात चरचरणारा, काळ्या धुराचा. तो तिघींनाही आला. बू एन्दांगने नाकावर हात धरला.

"हा धूर कुठून?" ती म्हणाली.

मुर्तिनी दारातून बाहेर पडून धावत सुटली होती.

५

वाळूत पाय रुतत होते. ती ओरडत होती, पण डोंगराचा वारा पाठीमागून होता आणि तो तिच्या आवाजासकट सगळं समुद्राकडे घेऊन चालला होता. बोटीवरच्या कॉम्प्रेसरचा धूरही त्याच वाऱ्याने आडवा झाला होता. रोज तो नळकांड्यातून निघाला की यंत्रापासून दूर उडून जायचा. आज तो यंत्राभोवतीच घुटमळत होता, यंत्र जिथून हवा ओढतं तिथेच.

तिने हे पाहिलं तेव्हा ती कमरेइतक्या पाण्यात होती. आणि तेव्हाच बोटीवर पाक मुस्तारी ताडकन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी पिवळी नळी ओढू लागला.

नंतर तो शपथेवर सांगत राहिला की खालून नळीला तीन हिसके आले होते. तीन हिसके म्हणजे वर ओढ. "नीट, मोकळे हिसके," तो म्हणाला. "घाबरलेल्या माणसाचे असतात तसे नव्हेत."

नेंगाह वर आला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. ओठ लालचुटूक, गाल गुलाबी, एखाद्या नवरदेवासारखा. मुस्तारी आणि मुर्तिनीने त्याला वाळूवर ओढून आणलं. म्हातारा त्याच्या छातीवर हात मारत होता आणि मोठमोठ्याने अल्लाचं नाव घेत होता. कोमांग रडत होती. मुर्तिनीने नेंगाहचं तोंड उघडलं, नाक धरलं आणि आपला श्वास त्याच्या आत फुंकला. पुन्हा फुंकला. आयुष्यभर जे करायचं नाही म्हणून तिला शिकवलं होतं, तेच ती करत होती.

तो खोकला. मग ओकला. मग त्याने असा काही श्वास घेतला की बाजूच्या नारळाखाली झोपलेलं कुत्रं उठून पळालं.

"जिवंत आहे!" कोमांग किंचाळली. "म्बोक, जिवंत आहे, ओकला!"

बू एन्दांग ट्रकपाशी उभी राहून ड्रायव्हरला सांगत होती, "उतरव."

"बू, विमान चुकेल."

"मला ऐकू आलं नाही का तुझ्या मते? सगळी खोकी उतरव आणि त्याला आत घाल. माल उद्या जाईल, नाहीतर मरेल. चल!"

खोकी उतरवून ट्रक यायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात मुर्तिनी नेंगाहच्या पायाशी बसून त्याच्या पायातले पोहायचे रबरी पंख काढत होती. आणि तिला ते दिसलं.

त्याच्या उजव्या घोट्यावर, पायजम्याच्या कडेखाली, रबर होतं. तीन वेढे, मग पीळ, मग टोक पिळाखाली दुमडलेलं. पिशवीची मान जशी बांधतात तसंच. फक्त पीळ उलटा होता, डावखुऱ्या माणसाने दिल्यासारखा. शेडमधली रबरं पिवळी, नवी असत. हे काळपट होतं आणि त्याच्यावर समुद्राची कवचं चढली होती, पांढरी, गुलाबी, खरखरीत. फार जुन्या, पाण्यात पडून राहिलेल्या गोष्टींवर चढतात तशी. तरीही ते त्याच्या कातडीत रुतून बसलेलं होतं.

कात्री अजून तिच्या हातात होती. तिने तेही कापलं. पायाला धक्का लागला तसा नेंगाह कण्हला, आणि ते ऐकून तिच्या डोळ्यांतून पहिल्यांदा पाणी आलं.

६

दवाखान्यात त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती आणि समजूतदार होती. यंत्राने स्वतःचाच धूर ओढून तो नळीतून खाली पाठवला, तिने सांगितलं. या विषाने माणसाला आधी डोकेदुखी होते, मग झोप येते, मग छान वाटतं, आणि मग काहीच वाटत नाही. आधीही थोडा थोडा जात असणार. अजून थोडा वेळ खाली राहिला असता तर त्यांना इथे आणायची गरज पडली नसती.

"पण आता?"

"आता धोका टळलाय. रात्रभर इथे राहू द्या. तुम्ही बसा हो, पडाल नाहीतर."

मुर्तिनी खाटेशेजारच्या बाकावर बसली. मास्कच्या आतून वाफ आली. छोटी, मागून मोठी. ओसरली. पुन्हा छोटी, मोठी. तिने किती वेळ ते पाहिलं तिलाच कळलं नाही. बाहेर पाक मुस्तारी सारखा येऊन दारातून डोकावत होता आणि ती सारखी मान हलवून त्याला सांगत होती, आहे, आहे.

बू एन्दांग संध्याकाळी आली. पिशवीभर संत्री आणि धुतलेले कपडे घेऊन. तिने कपडे खाटेच्या कडेला ठेवले. मग म्हणाली, "तू कापलेलं ते प्रवाळ मी टाकीत सोडलंय."

"मेलं असेल, बू."

"नाही. तोंडं उघडतंय." तिने संत्रं सोलायला घेतलं. "धूर तिथे कसा आला, हे मी तुला विचारणार नाही. वारा किनाऱ्याकडे असता तर मी म्हणाले असते, बोटीवरचा वास आला. वारा उलटा होता. म्हणून मी काहीच म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस. आणि तो कॉम्प्रेसर मी उद्या भंगारात घालतेय."

तिने अर्धं संत्रं मुर्तिनीच्या हातावर ठेवलं. दोघींनी ते गुपचूप खाल्लं. फार गोड होतं.

७

नेंगाहला घरी आणलं त्या दिवशी गालुंगान होता. गल्लीत प्रत्येक दारापुढे सजवलेले बांबू वाकून उभे होते. कोमांगने डुकराच्या मांसाचा लावार आणि भात आणून दिला आणि तोंडभर गप्पाही मारल्या. नेंगाहने म्हणे ओकून तिची नवी चप्पल खराब केली होती, आणि ती भरून घेतल्याशिवाय ती काही सोडणार नव्हती. नेंगाह हसला. हसताना त्याला खोकला आला. पण तो हसला.

ती गेल्यावर नेंगाह अंगणातल्या कट्ट्यावर उशीला टेकून बसला. मुर्तिनीने त्याच्यापुढे पान ठेवलं. ऊन छान पडलं होतं.

"नळीला हिसके मी नाही दिले," तो अचानक म्हणाला.

तिने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "मुस्तारी म्हणतो तीन आले."

"येऊ देत. माझे हात माझे राहिलेच नव्हते." त्याने पानातला भात बोटाने सारला. "तू होतीस खाली."

"मी शेडमध्ये होते, ब्ली."

"माहीत आहे. पण तुझ्यासारखी होती. पलीकडच्या मांडवाशी, पाठमोरी बसलेली, केस बांधलेले. काहीतरी बांधत होती. एकेक उचलायची, उलटं करायची, बांधायची. मी म्हटलं, ही इथे कशी? आणि मला काही वाटलंच नाही गं. बरं वाटत होतं. मग ती माझ्याकडे आली."

"तोंड पाहिलंस?"

"नाही. तिने मला उलटं केलं. पाय वर, डोकं खाली. हळू, तुम्ही करता ना तसं, कुठे घासू नये म्हणून. आणि डोक्याकडून काहीतरी चढवत आणलं. पारदर्शक. ते घोट्यापर्यंत आलं आणि बंद झालं. त्याच्यापलीकडे सगळं दिसत होतं, मांडव, मासे. फक्त आवाज नव्हता. आणि हवा संपत चालली होती." तो हाताच्या तळव्याकडे बघत होता. "मग फट्कन आवाज झाला. रबर तुटल्यासारखा. आणि मी वर."

अंगणात कोंबडी फिरत होती. शेजारी कोमांगचा नवरा गाणं लावून बांबू तासत होता.

मुर्तिनी काय म्हणणार होती? विषारी धुराने माणसाला भास होतात, डॉक्टरणीने सांगितलं होतं. रोज बायकोला प्रवाळ बांधताना पाहणाऱ्या माणसाला आणखी कसला भास होणार? घोट्यावरचं रबर मांडवाचं असेल, पाय अडकला असेल. तीन वेढे घेऊन, टोक दुमडून पाय कसा अडकतो, हे तिने स्वतःला विचारलं नाही. ते रबर तिने दवाखान्यातून येतानाच पुलावरून नदीत टाकलं होतं. समुद्रात टाकायचा तिला धीर झाला नव्हता.

"आता मी खाली जाणार नाही," नेंगाह म्हणाला. "बू एन्दांगला सांग, मला ट्रकवर घ्या. नाहीतर टाक्या धुवायला."

"सांगितलंय. टाक्या धुवायला घेतलंय तुला. पगार तोच."

"माझ्याआधीच ठरवून आलीस?"

"हो."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग घास घेतला, चावला, आणि चावता चावता त्याच्या डोळ्यांत नेहमीची खोडी चमकली. ती पाहून मुर्तिनीच्या छातीवरचं काहीतरी इतक्या दिवसांनी खाली उतरलं.

"एक मात्र राहून गेलं," तो म्हणाला. "एवढं छान बांधलं होतं मला. खोक्यावर पत्ता कुणाचा होता, तेवढं बघायचं राहिलं."

मुर्तिनीच्या अंगावर काटा आला. पण हसूही आलं, आणि हसूच आधी बाहेर पडलं. तिने त्याच्या पानात आणखी भात वाढला.

"पत्ता चुकीचा होता," ती म्हणाली. "जेव आता."